छाट

कारखान्यात विड्या द्यायला गेलं की
चेकर मूठभर उचलायचा,
अंगठ्यानं दाबायचा, आणि बाजूला.
हजारातल्या पन्नास, कधी ऐंशी.
छाटीचे पैसे नाहीत. छाट परतही नाही.
ती कुठं जाते, हे विचारायची रीत नव्हती.

आता त्याच आईच्या विडी घरकुलात,
कुंभारीच्या माळावर कुत्री भुंकून दमल्यावर,
मी लॅपटॉप उघडते.
लांबच्या एका थंड देशात सट्टा कायदेशीर आहे.
तिथं कुणीतरी रिकाम्या खुर्च्यांपुढं टेनिस खेळतं
आणि मी पगारी जागते.
चेंडू मला दिसत नाही.
मला दिसतो भाव.
सरळ चालला तर डुलकी लागते.
कुणाच्या सांगण्यावरून चालला तर कळतं,
बाबांना शेजारच्या मागाचा धोटा अडकल्याचं
पाठमोऱ्यानं कळायचं, तसं.

फेब्रुवारीत, तीन वाजून दहा मिनिटांनी,
एका मुलाच्या हरण्यावर
एकाच गावातून बावीस नवी खाती.
मी लाल खूण केली.
तीन बावीसला पुण्याहून निफाडकर सरांचा निरोप :
येमूल, बंद कर. क्लायंट आहे.
मी कारण लिहिलं, दुखापत.
तो लंगडत होता का?
मी कुठं पाहिलं होतं.

राखणीचे पैसे देतो कोण?
ज्याच्यावर नजर ठेवायची, तोच.
हे मी कुणाला बोलले नाही,
हप्ता होता गॅसचा, फ्रिजचा.

आता तिकडच्या आयोगाचं पत्र आलंय.
तपासणाऱ्यांची तपासणी.
प्रश्न अकरावा :
तीन दहा ते तीन बावीस काय घडलं?
निर्णय कोणाचा?
खाली चौकट, पाचशे अक्षरांची.
सरांनी उत्तर तयार पाठवलंय, चारशे नव्वद अक्षरांचं,
आणि सगळ्यांना सूचना :
तपासणी संपेपर्यंत एकही खूण बंद करू नये.

आई जागीच असते.
सूप माळ्यावर टाकून दोन वर्षं झाली,
तिची बोटं अजून अंधारात पान वळतात.
काय लिहितीस, म्हणाली, तेलुगूत.
म्हटलं, विचारलंय, छाट कुठं गेली.

ती बराच वेळ काही बोलली नाही.
मग म्हणाली,
लेबर साहेब वर्षातून एकदा यायचा.
त्या दिवशी छाटच निघायची नाही.
पहिल्या वर्षी मला वाटलं,
आपला हात बसला.
घरी येताना पावशेर जिलबी आणली मी.

दुसऱ्या दिवशी?

दुसऱ्या दिवशी एकशे दहा.

उठली, पत्र्याच्या पेटीतून कार्डं काढली,
रबर तुटून चिकटलेला.
पुढं कारखान्याची शाई : जमा, जमा, जमा.
मागं पेन्सिलीच्या रेघा, पाचापाचाच्या,
आडवी काट मारलेल्या,
वर्षामागून वर्ष.
हिला लिहिता येत नाही, हे मला ठाऊक होतं.
मोजत होती, हे नव्हतं.

कुणाला दाखवलंस?
कुणी विचारलं नाही, म्हणाली.
आणि दिवा डोळ्यावर येतो म्हणून
भिंतीकडं वळून झोपली.

मी सरांचं उत्तर पुसलं.
चौकट रिकामी झाली.
पाचशे अक्षरं उरली आहेत.
कर्सर लुकलुकतोय.
तीन दहा, लिहिते.
तीन दहाला मला दिसलं.