सवयीनं थांबलेली बस

सात वीसला पिवळी बस आमच्या फाट्याशी थांबली.
सवयीनंच. दार उघडलं, लाल दिवे लुकलुकले,
ऑर्व्हिलनं हॉर्नवर हात ठेवला
आणि मग त्याला आठवलं असावं.
हात हलवून तो पुढे गेला.
खडीच्या रस्त्यावर धूळ बराच वेळ उभी.
मी खिडकीत, हातात ओलं फडकं.
वाटलं, धावत सुटावं, म्हणावं,
थांबा हो, चूक झाली, घेऊन जा दोघांना.

वर्षभर याच सकाळीसाठी गुडघे टेकले होते.
उत्तर मिळालं तेव्हा मात्र
पोटात गोळा.

वेन्डेल म्हणतो, देवानं मनात घातलंय
तर वाटही तोच दाखवील.
वेन्डेल पहाटे पाचला खाणीवर जातो.
त्याला म्हणायला काय जातंय.

माझी बहीण इंग्रिड डुलुथला तिसरीचा वर्ग घेते.
फोनवर ती वाद घालेल म्हणून
मी सतरा मुद्दे लिहून ठेवले होते.
ती नुसतं म्हणाली, "बरं."
ते एक "बरं" मी आठवडाभर वागवलं,
काकड्या बरण्यांत भरताना,
चर्चच्या तळघरात कॉफीचे कप विसळताना.

आणि एक गोष्ट देवाखेरीज कुणाला सांगितली नाही,
त्यालाही अर्धीच:
नववीत मी बीजगणितात नापास झाले.
पेपर परत देताना हॉकिन्सन सरांनी मान हलवली होती.
गणिताचं पुस्तक उघडलं
की ती मान अजून हलते.

टेबल पुसलं. पेन्सिलींना टोकं केली, गरजेपेक्षा जास्त.
भिंतीवर नकाशा लावला, तो दोनदा पडला.
तिघांनी प्रार्थना केली,
थियानं कोंबड्यांसाठीही मागून घेतलं.
साडेनऊपर्यंत सगळं ठीक.
मग तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश,
यांत मोठा कोण, सायलस?
अरे, आत्ताच तर सांगितलं!
लक्ष कुठाय तुझं!
माझा आवाज मला ओळखू आला नाही.
खरं तर आला.
हॉकिन्सन सरांचा होता.

कोठीघरात शिरले, दार लावून घेतलं,
बटाट्यांच्या पोत्यावर बसले.
शब्द सुचेनात. म्हटलं, प्रभू, अपूर्णांक.
एवढंच.
उजेड पडला नाही, वाणी झाली नाही.
मातीचा वास तेवढा येत राहिला,
आणि दाराखालच्या फटीत
एक मोजा घातलेलं पाऊल, एक अनवाणी.

बाहेर येऊन म्हटलं, माफ कर रे.
मलाही जमत नव्हतं. तुझ्याहून मोठी होते, तरी.
"नापास?"
"नापास."
त्यानं काही म्हटलं नाही.
बाकावर सरकून जागा केली.

दुपारी तळ्यावर गेलो.
मोठे लून पक्षी गेल्या आठवड्यातच दक्षिणेला गेलेले.
एक पिल्लू मागे राहिलेलं, करड्या पिसांचं,
एकटंच बुड्या मारत होतं.
"आई सोडून गेली त्याला?" थियानं विचारलं.
"जाते. दर वर्षी आधी तीच जाते."
"मग समुद्राची वाट त्याला कोण सांगणार?"

मी तोंड उघडलं, आणि उत्तर नव्हतं.
ज्या क्षणाला वर्षभर भ्यायले होते
तो हाच, चिखलात, भरदुपारी.
म्हटलं, "मला माहीत नाही."
आभाळ होतं तिथंच राहिलं.
सायलसनं वही काढली,
लिहिलं, प्रश्न पहिला,
आणि 'समुद्र' चुकीचं लिहिलं.
मी ते उद्यावर टाकलं.

तीन चाळीसला बस परतली. थांबली नाही,
हॉर्न तेवढा वाजला, छोटासा.

रात्री वेन्डेलनं बूट काढता काढता विचारलं,
कसं गेलं?
"बरं," मी म्हटलं,
आणि माझंच "बरं" ऐकून थबकले.
मग इंग्रिडला फोन लावला,
लूनचं विचारायला.