पानी उनं का?

माझ्याकडं एक चावी आधीपासून होतीच,
लोखंडी, टी आकाराची, कमरेएवढी.
अमळनेरच्या आमच्या भागातले अठरा व्हॉल्व्ह तिनंच फिरतात.
बाकीच्या चाव्या त्या एप्रिलात आल्या.

गल्लीच्या तोंडाशी बांबू आडवे,
पत्र्यावर लाल रंगात सूचना.
आत जायची मुभा मला,
कारण पाचव्या दिवशी पाणी सुटायलाच हवं,
साथ असो नसो.

ॲम्ब्युलन्सच्या पायरीवर एक पाय ठेवून
कस्तुराबाईंनी किल्ली माझ्याकडं फेकली.
मी ती सॅनिटायझरनं धुतली, मग खिशात टाकली,
आणि त्यांच्यासमोर धुतली याची लाज वाटली.
“हिलाल, राघूले मिरची देजो. हिरवी, देठासकट.
आन् भिजेल डाय.”
पुढचं खोकल्यात गेलं.

सकीनाआपांनी चिठ्ठी ठेवली होती, कडीत खोचून:
मांजर पोटुशी आहे. कोठीतल्या खोक्यात बसते.
हात लावू नका, नुसतं बोला.
मांजरीशी काय बोलायचं असतं?
मी तिला टाकीची पातळी सांगायचो.
नऊ फूट. आठ फूट. आज वीजच नव्हती, माफ कर.

आणि सोनवणे सरांचा कुत्रा, भूगोल.
पिल्लू असताना गोल होता, म्हणून भूगोल.
सर स्वतः चालत गेले गाडीपर्यंत, इस्त्रीच्या शर्टात,
वर्गावर निघाल्यासारखे.
भूगोल दोन दिवस उंबऱ्यावर.
भाकरी हुंगायचा, सोडून द्यायचा.
तिसऱ्या दिवशी मी ती दुधात कुस्करून
तिथंच, मास्क खाली ओढून, दुसरी अर्धी स्वतः खाल्ली.
तेव्हा खाल्लं त्यानं.

कोणी म्हणालं, जनावरांपासून पसरतो.
दुसऱ्या सकाळी बोरीच्या कोरड्या पात्रात
तीन कुत्री हिंडत होती, गळ्यात पट्टे,
एकीच्या पट्ट्याला घुंगरू.
माझ्याकडच्या चाव्या तेवढ्याच होत्या,
आणि भाकऱ्याही.
त्या घुंगरासाठी मी थांबलो नाही.

नवव्या दिवशी फोन:
कस्तुराबाईंच्या बंद घरात कोणीतरी खोकतंय.
आशाताई आल्या, रत्नप्रभाताई, निळ्या झग्यात घामानं भिजलेल्या,
हातात ऑक्सिमीटर, मागं दोन पोलीस.
मी कुलूप काढलं.
अंधारात तीन ठसके, कोरडे,
मग लांब श्वास, मग “अरे देवा.”
पिंजऱ्यात राघू,
आणि गळ्यात त्याच्या अख्खी कस्तुराबाई.

एक पोलीस हसला. ताई हसल्या नाहीत.
वहीत त्यांनी लिहिलं: व्यक्ती आढळली नाही.
मग राघूनं मान वाकडी करून मला ओळखलं,
बाई दर पाचव्या दिवशी खिडकीतून ओरडायच्या
तेच ओरडला:
पानी उनं का?
उनं ना भो, मी म्हणालो. उनं.

बाई परत आल्या, निम्म्या होऊन.
राघू त्यांच्याच आवाजात खोकला.
“बस कर रे मेल्या,” त्या म्हणाल्या,
“मन्हा खोकला मन्हाजोडेच ऱ्हाऊ दे.”
आपांच्या मांजरीला चार पिल्लं झाली,
खोक्याबाहेर, माझ्या जुन्या पोत्यावर.
आपांनी चावी परत घेताना विचारलं,
काय बोलायचास रे तिच्याशी?
काही नाही, म्हटलं. कामाचंच.

सरांची चावी खिळ्याला आहे.
मुलगा पुण्याहून येणार होता, मग फोनवर म्हणाला, बघू.

भूगोल आता माझ्यासोबत फिरतो, व्हॉल्व्ह ते व्हॉल्व्ह.
सगळीकडं पुढं पळतो,
फक्त त्या एका गल्लीत
उंबऱ्यापाशी जाऊन बसतो.
मी हाक मारत नाही.
उठेल तेव्हा उठेल.
तोवर चावी फिरवायची राहते,
त्या गल्लीला पाणी दोन-तीन मिनिटं जास्त जातं.
नोंदवहीत मी ते लिहीत नाही.