हयातीचा दाखला

दर नोव्हेंबरात आम्ही दोघं
अपशिंग्याहून पहिल्या एसटीनं साताऱ्याला येतो,
जिवंत आहोत हे सांगायला.

बँकेतली पोरगी म्हणते, बाबा, अंगठा ठेवा.
जालू सवयीनं उजवा हात पुढं करतो.
तो अंगठा पलालीच्या तंबूत राहिला.
जनरेटर बंद होता,
टॉर्च मी दातांत धरली होती.
शुद्धीवर आला नि त्याच हातानं
मला सलाम करू लागला,
तो नाईक, मी लेफ्टनंट.

कुठली लढाई हो, बाबा?
काय सांगायचं.
भांडण दुसऱ्याच्या घरातलं,
सोडवायला गेलो
नि दोन्हीकडनं खाल्ला मार.

शेजारच्या खाटेवर त्यांच्यातला एक पोरगा होता,
मिसरूडही न फुटलेला.
पोटात गोळी, पाणी द्यायचं नाही.
रात्रभर एकच, तण्णी, तण्णी.
मी ओला बोळा ओठांना लावून पुढच्या खाटेकडं गेले.
पहाटे पाहिलं तर
बोळा जालूच्या डाव्या हातात,
वाळलेला.

दुसरं बोट चालेल, पोरगी म्हणते.
हिरवा दिवा लागतो.
आणखी एक वर्ष.

पोवई नाक्यावर चहाच्या गाड्यापाशी
जालू बाकावर टेकतो,
पोऱ्याला म्हणतो, तण्णी दे रं.
पोऱ्या नुसता बघत राहतो.
जग मीच उचलते.