उजव्यावर पट्टी

कारखान्याच्या शिबिरात रांगेत उभी होते मी,
चेकिंग खात्यातली, एकोणीस वर्षांची नोकरी,
चालत्या टॉवेलमधला तुटका धागा
सुपरवायझरच्या आधी धरणारी.
उजवा डोळा झाका म्हणाले. झाकला.
समोरचा तक्ता
कुणी ओल्या फडक्यानं पुसावा तसा गेला.

"आळशी डोळा," मॅडम म्हणाल्या.
मला शिवीच लागली ती.
आमच्या घरात आळशी कुणी नव्हतं हो.
आई दिवसाला हजार विड्या वळायची,
बाबा मागाशी उभ्यानंच जेवायचे.
आणि हा डावा, एकोणचाळीस वर्षं
बसून खात होता?

"डोळा बघतो हो," त्या म्हणाल्या,
"मेंदूनं त्याचं ऐकायचं सोडलंय. लहानपणीच.
उजव्याचं चित्र स्वच्छ, याचं पुसट,
मग याला कोण विचारतो."

रात्री साखर पेठेतल्या खोलीत झोप येईना.
आई तेलुगूत बोलायची,
मी मराठीत उत्तर द्यायचे, शाळेत हसतात म्हणून.
"इटु चूडु" म्हणायची ती, इकडे बघ.
मी बघायचे, "काय गं" म्हणत.
पुढं पुढं तिचं बोलणं माझ्यापर्यंत नुसतं पोचायचं.
परत काही जायचं नाही.

"लहानपणी आला असता तर..."
हे वाक्य मॅडमनी अर्ध्यावर सोडलं.
या वयात हमी नाही, म्हणाल्या. थोडं येईल, कदाचित.
मी म्हटलं, उजव्याला उद्या काही झालं तर?
धोटा निसटून काकांचा डोळा गेलेला मी पाहिलाय.

नवा चष्मा. रोज दोन तास उजव्यावर पट्टी.
दवाखान्यात शेजारच्या खुर्चीवर सातवीतला विघ्नेश कोंडा,
लाल-हिरव्या काचांतून पडद्यावरच्या विटा फोडत.
"काकू, तुम्हाला पण चिडवतात?"
"नाही रे, मी घरीच लावते."
"मी शाळेत खिशात ठेवतो."
आम्ही दोघांनी ते मॅडमना सांगितलं नाही.

गृहपाठ असा: जुन्या पेपरातल्या
प्रत्येक ठचं पोट पेनानं भरायचं.
निविदा, निधन, वधू पाहिजे,
पाणी आता पाचव्या दिवशी,
सगळ्यांतले ठ भरत गेले मी.
पाणी कधी येणार ते वाचता यायचं नाही,
ठ मात्र सापडायचे.

कपाळ ठणकायचं.
तूर निवडली की खडा राहायचाच.
नवरा दाताखालचा खडा ताटाच्या कडेला ठेवायचा,
न बोलता. एकदाच म्हणाला,
"हा डाव्यानं निवडलेला."

सात महिने.
तक्त्यावर दोन ओळी खाली उतरले.
तिसरी आली नाही, येणारही नाही बहुतेक.
विघ्नेश चार उतरला. पेढे त्यानंच आणले,
मला दोन दिले.

एक गोष्ट मॅडमना सांगायची राहिली.
जन्मभर चहा ओतताना मी
किटलीची चोच कपाच्या काठाला टेकवायचे.
टेकल्याशिवाय कळायचंच नाही कप कुठं आहे.
घरच्यांना वाटायचं, सवय.

परवा आई आली होती.
टेकवायच्या आधीच हात थांबला.
चोच अलीकडे होती, कप पलीकडे,
आणि मध्ये बोटभर जागा, रिकामी,
तिच्यातून वाफ वर जात होती.
इतकी वर्षं ती तिथंच असणार.
मी वरून ओतला.

"इटु चूडु, अम्मा," मी म्हटलं.
जीभ अडखळली, उच्चार चुकलाच असेल.
तिनं बघितलं. आधी माझ्याकडे, मग बशीकडे.

"सांडला की गं," ती म्हणाली,
मराठीत.