जुन्या धावपट्टीचा रस्ता

गनीभाई नाखवा गेले त्याच आठवड्यात
गाडीच्या मुलकियाची मुदत संपत होती.
शारजाच्या तपासणी केंद्रात सुदानी पोराने बॉनेट उघडलं
आणि थोडा वेळ बोललाच नाही.
अठ्ठ्याहत्तरची डॅटसन, रंग पिस्त्याचा,
इंजिन असं की त्यावर दस्तरखान अंथरावं.

घराणं दाभोळचं, गलबतवाल्यांचं.
आजा खजुरासाठी याच आखातात नांगर टाकायचा,
बाप पाण्याकडे बघून वारा सांगायचा.
हे एकटेच मान वर करून चालणारे निघाले.
आई म्हणायची म्हणे, हा ठेच लागून मरेल.
तसं नाही झालं. इंडस्ट्रियल एरिया पाचमध्ये,
गॅस्केटच्या रॅकला टेकून,
चहा अर्धा ठेवून.

आम्ही सहाजण एका खोलीत.
रात्री इल्युशिन उतरायचं, मालवाहू,
गच्चीवरची टाकी थरथरायची.
आम्ही शिव्या घालत कूस बदलायचो
आणि अंधारातून त्यांचा आवाज यायचा, खूश:
"चारातलं एक इंजिन खोकतंय रे."

मला शिकवायचा फार प्रयत्न केला.
बघू नको, ऐक. डोळे मीट.
मला अजून बोइंग काय नि एअरबस काय.
टॅपेटचा आवाज मात्र कळतो,
तेवढंच पोटापुरतं राहिलं.

शुक्रवारी फजरच्या नमाजनंतर उठवायचे.
शहराच्या मधोमध तो सरळसोट रस्ता,
बँका, शावरमा, पडद्यांची दुकानं,
तीच एकेकाळची धावपट्टी.
विमानतळ दूर गेला, रस्ता राहिला.
काचा खाली. सीटवर ओला टॉवेल.
तिसरा गिअर, चौथा.
चष्मा नाकाच्या शेंड्यावर.
आणि मग स्टिअरिंग पोटाकडे ओढायचे,
दोन बोटं, जास्त नाही.

शपथेवर सांगतो, एकदा
नाही, काही उचललंबिचललं गेलं नाही.
पुढे सिग्नल लाल झाला.
ब्रेक दाबून म्हणाले,
"आज वारा पाठीमागून होता."

रजेवर निघालेल्या प्रत्येकाला तेच सोडायचे.
खोकी स्वतः सुतळीने बांधायचे,
हातात तोलून वजन सांगायचे:
सव्वातीस. टँगचा डबा काढ.
पेट्रोलचे पैसे कधी घेतले नाहीत.
आम्ही आत गेलो की ते परतत असतील,
असं आम्ही धरून चाललो होतो.

लॉकरमध्ये दोन लुंग्या, जानमाज, व्हर्नियर कॅलिपर,
जैबुन्निसा भाभींचा स्टुडिओतला फोटो
आणि टायर कंपनीच्या अकरा डायऱ्या.
तारीख, वेळ, वारा, विमानाचा नंबर.
पानंच्या पानं नुसते आकडे.
मग मध्येच माझं नाव.

"बाबू चेंदवणकर गेला. बापाच्या दहाव्याला.
एकोणीस मिनिटं उशीर. वारा वायव्येचा, उड्डाण स्वच्छ.
सीट डाव्या खिडकीची,
म्हणजे वळताना त्याला खाडी दिसली असेल.
रडत असेल तर नसेलही."

गनीभाई, मी झापड खाली ओढून झोपलो होतो.
टेक-ऑफच्या आधीच.
तुम्ही बाहेर कुठल्या कुंपणाला उभे होतात
ते मला आज कळतंय, दुपारी अडीचला,
खोलीत एसी बंद पडलेला असताना.

सगळेच आहेत त्या वह्यांत.
परत न आलेला कुट्टन आहे,
लग्नाला गेलेला सलीम, दोनदा.
त्यांची स्वतःची नोंद शोधली, एकच सापडली:
"आज मी. खिडकी मिळाली नाही, मधली सीट.
आवाजावरून सगळं समजलं."

तपासणी पास झाली.
सुदानी पोराने शिक्का मारला, विचारलं, विकणार?
मी म्हटलं, बघू.
बाहेर आलो तर वरून काहीतरी चाललं होतं,
दोन इंजिनं, बहुतेक.
खिशात पेन नव्हतं.