लगेजचं तिकीट

ऐनपूरच्या शिवारात, केळीच्या सावलीत
आम्ही पाच लावली.
आकडा नव्हे. वेणीत मरव्याशेजारी बसते ती पाच.
हिचं तेल निघतं म्हटल्यावर
निंभोऱ्यापर्यंत लोक हसले.

ओल्या पानाला वास असतो, पण वेणीपुरता.
खरा वास पान मेल्यावर येतो,
आणि तेही उन्हात मरून चालत नाही.
पंचेचाळीस अंशांच्या त्या महिन्यात
वखारीच्या अंधारात बाजेवर पाला पसरून
आम्ही रोज खालवर करत राहिलो,
तापातलं पोर कूस बदलावं तसा.

दलशेर तडवी संध्याकाळी येई,
मूठभर पाला उचलून चुरडे
नाकाजवळ नाही, कानाजवळ.
"अजून ओलं बोलू राह्यलं," म्हणे, आणि निघून जाई.
सातव्या दिवशी म्हणाला, "पेटवा."

भट्टी त्याचीच. सातपुड्याच्या पायथ्याशी
कधीकाळी रोशा गवताचं तेल काढायची.
गवताचे माळ नांगराखाली गेले,
लोखंडी डेग तेवढी उरली. तिच्यात कोंबड्या अंडी घालत.
राखेनं दोन दिवस घासली, तरी
झाकणाला गवत आठवत होतं.

मी वही धरून बसले.
दहा वाजता: पाणी.
बारा वाजता: पाणी. दलशेर झोपला.
दोन वाजता: पाण्यावर काकवीच्या रंगाचा एक टिपका,
मग त्याच्या शेजारी दुसरा.
"रोशाले तीन घंटे पुरत," तो डोळे न उघडता म्हणाला,
"ही बाई उशिरा उठती."
रात्री दहाला जाळ ओढला.
क्विंटलभर सुक्या पाल्याचं दोन किलो तेल.
हात आठवडाभर धुतले. हातांनी ऐकलं नाही.

अशा तीन घाण्यांचा डबा पायांशी घेऊन
मी जळगावची एसटी धरली.
सावदा सुटेपर्यंत कुणी बोललं नाही.
मग मागून एक म्हणाला, पोती भिजलीत कुणाची तरी.
एक मास्तर म्हणाले, वाचनालयाचं बंद कपाट.
हिरव्या बांगड्यांची एक मुलगी: नव्या लुगड्यांची पेटी.
फैजपूरला चढलेल्या किराणावाल्यानं डोळे मिटले,
जुना गूळ, म्हणाला, आणि तळाला मिरी.
कंडक्टर म्हणाला, मेलेला उंदीर,
आणि सगळ्या खिडक्या उघडत गेला.
मी कुणाचंच खोडलं नाही.

प्रयोगशाळेतल्या यंत्रानं कागदावर
एक डोंगररांग काढून दिली, शिखरांना नावं:
पॅचुलॉल एकतीस टक्के, बुल्नेसीन, ग्वायीन,
ओळख न पटलेलं चार पूर्णांक एक.
रंग गडद. लोखंड मर्यादेबाहेर.
"स्टीलची भट्टी घ्या," साहेब म्हणाले, "मग भाव बोलू."
मी विचारलं, टाचांच्या भेगांना चालतं का?
"लेबलवर तसं लिहू नका."

नाही लिहिलं.
पण दलशेरची बायको हुरमत
एरंडेलात दोन थेंब घालून रात्री टाचांना लावते,
आणि यंदा पहिल्यांदाच
चप्पल न घालता विहिरीवर गेली.
तिच्या गोधडीलाही कसर लागली नाही.
हे वहीत आहे, तारखेसकट.

साहेबांनी डबा ओतून घेतला, लोखंडासकट, पाऊण भावात.
हे तेल मुरलं की गोड होतं, असं
बोलता बोलता त्यांच्याच तोंडून निघालं.
मुरेल कुणाच्या कपाटात, मी विचारलं.
ते पावती लिहीत होते.

परतीला तीच गाडी, तोच कंडक्टर.
"लगेजचं तिकीट."
डबा रिकामा आहे, मी म्हटलं.
त्यानं उचलला, कानाशी हलवला,
टोपण काढून आत वाकला, बराच वेळ.
"मग हे कोण बसलंय?"
आणि अर्धं तिकीट फाडलं.

गाडी भरलेली होती, लोक दांड्याला धरून उभे होते.
सावदा येईपर्यंत
माझ्या शेजारची जागा रिकामीच राहिली.