गाठींची दोरी

एल्गॉनच्या उतारावरल्या आमच्या शाळेचं
कुलूप दोन वर्षांनी निघालं,
तर पाचवीच्या वर्गात कोंबड्यांची पिसं.
कुणी पाळल्या, विचारायचं नाही असं ठरलं;
पगार कुणालाच नव्हता.

नाम्बोझो बाईंनी फळ्यावर आराखडा काढला:
हात धुवायचं पिंप फाटकाशी,
दोन बाकांत दोन मीटर.
टेप नव्हती. वाबोम्बा शिपायाने
दोरीला गाठी मारल्या, आम्ही मापत गेलो.
नव्वद पोरांच्या खोलीत मावली एकवीस.
बाकीची आंब्याखाली.
आणि पाऊस आला तर?
ते उद्या बघू, बाई म्हणाल्या.

मग हजेरीपट.
मुटोन्यी, कॉफीच्या मळ्यावर.
वेपुखुलू बोडा चालवतो, परवा त्यानेच मला आणलं,
पैसे घेईना.
खाइन्झा...
बाईंची पेन्सिल थांबली.
काल ती फाटकाशी आली होती, कडेवर बाळ,
विचारत होती, जुना गणवेश चालेल का,
उसवून घेतलाय.

आराखड्यात बाळाला जागा नव्हती.
वाबोम्बाने न बोलता दाराजवळच्या बाकाला लागून
एक चटई अंथरली.
दोन मीटर भरत नाहीत, मी म्हटलं.
त्याने दोरी गुंडाळून खिशात घातली.
आईपासून कसले मीटर, सर?

बाई फळा पुसून
पुन्हा पहिल्यापासून काढू लागल्या.